सभासद गेला, पावत्या राहिल्या का? अनेक टेबलांतून ओळी डिलीट करण्याची चाचणी

काही वर्षांपूर्वी मी एका वाचनालयासाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. सभासदत्व रद्द झालं की त्या सभासदाची ओळ टेबलातून काढायची, एवढंच काम होतं. त्याची चाचणीही मी लिहिली होती: डिलीट मारा, एरर येत नाही ना बघा, मग तो सभासद शोधून सापडत नाही ना बघा. चाचणी हिरवी झाली, म्हणजे पास. मार्चअखेर वर्गणीचा हिशेब जुळवायला बसलो, तेव्हा पावत्यांची बेरीज आणि बँकेतली जमा जुळेना. रद्द झालेल्या सभासदांबरोबर त्यांच्या पावत्याही गेल्या होत्या. फॉरेन कीवर ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (मूळ ओळ गेली की तिच्याशी जोडलेल्या ओळीही आपोआप काढ) मीच लावला होता. बॅकअप होता म्हणून निभावलं.

तेव्हापासून डिलीटची चाचणी लिहिताना मी आधी काय राहिलं पाहिजे ते लिहितो, आणि मग काय गेलं पाहिजे ते. पुढची सगळी पद्धत या एका सवयीतून आलेली आहे.

तुम्हाला सिलेक्ट आणि इन्सर्ट येतं, प्रायमरी की आणि फॉरेन की म्हणजे काय हे माहीत आहे, पण डिलीटचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं आहे, असं धरून चालतो. उदाहरणं ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसमधली आहेत. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट हे दुसरे दोन डेटाबेस जिथे वेगळं वागतात, त्यातल्या मुख्य जागी तसं सांगितलं आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना की-वर्ड आणि आकडे नेहमीप्रमाणे रोमन कीबोर्डवरूनच द्यायचे. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र पोस्टग्रेसमध्ये खरोखर देवनागरीत ठेवता येतात. मर्यादा ६३ बाइटची आहे आणि देवनागरीतलं एक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट घेते, म्हणजे एका नावात जास्तीत जास्त २१ चिन्हं. त्यापेक्षा लांब नाव पोस्टग्रेस कापून टाकतं.

आपलं वाचनालय

टेबलं सात आहेत.

‘सभासद’ या टेबलात क्रमांक, नाव आणि ‘ओळख_देणारा’ हा कॉलम. नवा सभासद कुणाच्या ओळखीने आला ते त्यात असतं, म्हणजे हा कॉलम ‘सभासद’ याच टेबलाकडे बोट दाखवतो.

‘पुस्तके’ मध्ये दाखल क्रमांक, नाव आणि ‘शिफारस_करणारा’. काही पुस्तकं सभासदांच्या सुचवणीवरून घेतलेली असतात.

‘आरक्षण’: कुठल्या सभासदाने कुठलं पुस्तक राखून ठेवायला सांगितलं आहे.

‘देवघेव’: सभासद, पुस्तक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. पुस्तक अजून बाहेर असेल तर परत केल्याची तारीख रिकामी, म्हणजे नल.

‘दंड’: देवघेवीच्या कुठल्या नोंदीवर किती दंड. हे टेबल सभासदाकडे थेट बोट दाखवत नाही, देवघेवीकडे दाखवतं.

‘पावत्या’: सभासद, रक्कम, तारीख आणि पावतीवर छापलेलं नाव.

‘अनामत’: सभासदाची ठेव. ठेव परत केली की इथली ओळ निघते आणि तिची नोंद पावत्यांत होते.

पहिली पायरी: बोटं मोजा

सभासदाची ओळ काढण्याआधी तिच्याकडे कोण कोण बोट दाखवतंय याची यादी करा. आठवणीतून नको, डेटाबेसलाच विचारा. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या साधनात, बॅकस्लॅश-डी देऊन टेबलाचं नाव लिहिलं, की खाली ‘रेफरन्स्ड बाय’ या मथळ्याखाली सगळ्या फॉरेन की येतात. आपल्या वाचनालयात सभासदाकडे सहा बोटं आहेत: आरक्षण, देवघेव, पावत्या, अनामत, पुस्तकांमधली शिफारस, आणि खुद्द सभासद टेबलातली ओळख. सहावं बोट विसरलं जातं. टेबल स्वतःकडेच बघत असेल तर ते चित्रात काढायचं राहून जातं.

पोस्टग्रेस प्रत्येक फॉरेन कीसाठी ‘डिलीट झाल्यावर काय’ हे एका अक्षरात साठवतं: ‘ए’ म्हणजे नो अ‍ॅक्शन, ‘आर’ म्हणजे रिस्ट्रिक्ट (हे दोन्ही डिलीट अडवतात), ‘सी’ म्हणजे कॅस्केड (जोडलेली ओळही काढ), ‘एन’ म्हणजे सेट नल (दुवा रिकामा कर), ‘डी’ म्हणजे सेट डिफॉल्ट (दुव्यात ठरलेली किंमत घाल). हे ‘पीजी-कन्स्ट्रेंट’ या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या माहितीच्या टेबलात सापडतं. मायएसक्यूएलमध्ये ‘इन्फर्मेशन स्कीमा’तल्या ‘रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट्स’ मध्ये ‘डिलीट रूल’ हा कॉलम बघा.

आणि एक बोट असं असतं जे डेटाबेसला ठाऊकच नसतं. कुणीतरी घाईत एक टेबल बनवलेलं असतं, त्यात ‘सभासद_क्रमांक’ नावाचा साधा पूर्णांकाचा कॉलम असतो, आणि फॉरेन की लावलेलीच नसते. ते ‘रेफरन्स्ड बाय’ मध्ये दिसणार नाही. म्हणून सगळ्या टेबलांतल्या कॉलमांची नावंही एकदा चाळा. जुन्या सिस्टिममध्ये अशी दोन-तीन तरी निघतात.

दुसरी पायरी: प्रत्येक बोटासाठी एक मराठी वाक्य

कोडला हात लावण्याआधी वाचनालयाच्या कार्यवाहांशी बसून प्रत्येक नात्याबद्दल एकेक वाक्य ठरवा. ‘कॅस्केड की सेट नल?’ असं त्यांना विचारू नका. ‘सभासद गेला तर याचं काय करायचं?’ असं विचारा. आमची वाक्यं अशी झाली:

आरक्षण सभासदाबरोबर जाईल. (कॅस्केड)

पुस्तक राहील, शिफारस करणाऱ्याची जागा रिकामी होईल. (सेट नल)

ज्याची ओळख दिली तो सभासद राहील, ओळख देणाऱ्याची जागा रिकामी होईल. (सेट नल)

देवघेवीची नोंद राहील, कारण पुस्तक किती वेळा बाहेर गेलं हे त्यावरूनच कळतं. सभासदाची जागा रिकामी होईल. पण पुस्तक अजून त्याच्या घरी असेल तर सभासद डिलीट होताच कामा नये.

दंड देवघेवीबरोबर राहील.

पावती राहील, रक्कम राहील, छापलेलं नाव राहील. फक्त सभासदाकडचा दुवा तुटेल. (सेट नल)

अनामत परत केलेली नसेल तर सभासद डिलीट होणार नाही. (नो अ‍ॅक्शन)

पावतीच्या वाक्यावर थोडं थांबा, कारण हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्या कायद्यानुसार जी माहिती ठेवावीच लागते तिला अपवादही त्याच कायद्यात आहे. हिशेबाची कागदपत्रं किती वर्षं ठेवायची हे संस्थेच्या लेखापरीक्षकाला विचारून ठरवा आणि तसं वाक्य लिहा. प्रोग्रामरने हे मनाने ठरवू नये. मी ठरवलं होतं, त्याचा परिणाम वर सांगितलाच.

आता देवघेवीचं वाक्य बघा. ‘पुस्तक बाहेर असेल तर अडव, नाहीतर जागा रिकामी कर’ ही अट फॉरेन कीला एकटीला कळत नाही. तिला तारीख दिसत नाही. पण तिला चेक कन्स्ट्रेंटची, म्हणजे प्रत्येक ओळीने पाळायच्या अटीची, जोड देता येते:

चेक (सभासद इज नॉट नल ऑर परत_तारीख इज नॉट नल)

म्हणजे बाहेर असलेल्या पुस्तकाच्या नोंदीत सभासद असलाच पाहिजे. आता सभासद डिलीट करायला गेलं की फॉरेन की देवघेवीतला सभासद नल करू बघते, चेक तिला अडवतो, आणि सगळा डिलीटच माघारी फिरतो. ही जोडी मला फार आवडते. अ‍ॅप्लिकेशनमधून डिलीट करा, हाताने करा किंवा रात्रीच्या एखाद्या स्क्रिप्टमधून करा, नियम सगळीकडे तोच लागू होतो.

तिसरी पायरी: चाचणीचा डेटाबेस

लाइव्ह सर्व्हरवर चाचणी नाही, रोलबॅकच्या (केलेले बदल माघारी घेण्याच्या) भरवशावरही नाही. ‘पीजी-डंप’ या बॅकअपच्या साधनाला ‘स्कीमा-ओन्ली’ पर्याय देऊन लाइव्ह डेटाबेसचा फक्त सांगाडा घ्या आणि वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवा. सांगाडा लाइव्हवरूनच घ्यायचा. कोडमधल्या मायग्रेशनमध्ये (टेबलं बनवण्या-बदलण्याच्या फायलींत) लिहिलंय एक आणि सर्व्हरवर आहे दुसरंच, असं होतं. कुणीतरी कधीतरी हाताने बदललेलं असतं. खरी माणसं, खरे फोन नंबर चाचणीत आणायची गरज नाही.

एसक्यूलाइट वापरत असाल तर इथेच एक खड्डा आहे. फॉरेन की पाळणं त्यात २००९ च्या ३.६.१९ या आवृत्तीपासून आलं, पण ते आपोआप चालू नसतं. प्रत्येक कनेक्शनवर ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन’ द्यावं लागतं. ते विसरलात तर सभासद बिनबोभाट डिलीट होतो, आरक्षणं तशीच लोंबकळत राहतात आणि एकही एरर येत नाही. लाइव्ह पोस्टग्रेसवर आणि चाचण्या एसक्यूलाइटवर ही सोय पुष्कळ जण करतात. डिलीटच्या चाचणीपुरती तरी ती करू नका.

मायएसक्यूएलमध्ये टेबलाचं इंजिन ‘इनोडीबी’ आहे ना ते बघा. जुनं ‘मायआयसॅम’ असेल तर ते फॉरेन कीची व्याख्या वाचतं आणि सोडून देतं.

चौथी पायरी: पात्रं उभी करा

चाचणीचा दर्जा इथेच ठरतो, म्हणून वेळ द्या. मी पाच सभासद घेतो.

२ नंबरचा सभासद डिलीट होणार आहे. त्याची २ आरक्षणं, ३ परत केलेल्या देवघेवी, त्यातल्या एकीवर दंड, २ पावत्या, १ शिफारस. ३ नंबरच्या सभासदाची ओळख त्याने दिली आहे. अनामत परत घेतलेली, पुस्तक घरी नाही.

१ नंबरचा सभासद शेजारी आहे. त्याच्याकडे थोडं थोडं सगळं आहे: १ आरक्षण, २ देवघेवी, १ दंड, १ पावती, १ शिफारस, अनामत. त्याचं आरक्षण मुद्दाम त्याच पुस्तकावर ठेवा ज्यावर २ नंबरचंही आहे. व्हेअरमध्ये चूक होऊन पुस्तकाच्या क्रमांकावरून डिलीट झालं, तर ती चूक हा शेजारीच पकडून देईल. टेबलात एकच सभासद ठेवून घेतलेल्या चाचणीत ‘व्हेअर’ अख्खं गाळलं तरी चाचणी हिरवीच राहते.

३ नंबरच्या सभासदाकडे एक पुस्तक बाहेर आहे आणि १ पावती आहे. अनामत नाही.

४ नंबरच्या सभासदाची अनामत बाकी आहे आणि १ पावती आहे. पुस्तक बाहेर नाही.

५ नंबरचा सभासद नुकताच आलेला. त्याच्या नावावर काहीच नाही.

३ आणि ४ वेगळे का ठेवले? दोन्ही अडथळे एकाच सभासदावर असते, तर त्याचा डिलीट अडला तरी कुठल्या नियमाने अडवलं हे कळलं नसतं. एक नियम उद्या कुणी काढून टाकला, तरी दुसरा अडवत राहील आणि चाचणी खोटं सांगेल. एका पात्रावर एकच अडथळा.

पुस्तकं ४ पुरेत.

पाचवी पायरी: आधी मोजा, डिलीट करा, पुन्हा मोजा

बिगिन;
प्रत्येक टेबलाचा काउंट;
डिलीट फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक = २;
पुन्हा प्रत्येक टेबलाचा काउंट;
रोलबॅक;

आज्ञा चालवण्याआधीच अपेक्षित आकडे कागदावर लिहा. उत्तर आल्यावर ‘हो, बरोबर वाटतंय’ म्हणणं फार सोपं असतं.

सभासद ५ वरून ४.
आरक्षण ३ वरून १.
देवघेव ६ होत्या, ६ च. पण सभासद नल असलेल्या ० वरून ३.
दंड २ होते, २ च.
पावत्या ५ होत्या, ५ च. सभासद नल असलेल्या ० वरून २. रकमेची बेरीज आधीइतकीच.
अनामत २ होत्या, २ च.
पुस्तके ४ होती, ४ च. शिफारस नल असलेली २ वरून ३.
३ नंबरच्या सभासदाचा ओळख देणारा आता नल.

पावत्यांची नुसती संख्या पाहू नका, बेरीजही पाहा. माझी चूक या एका ओळीने पकडली असती.

डिलीट चालल्यावर पोस्टग्रेस ‘डिलीट १’ असं सांगतं. तो आकडा फक्त तुम्ही नाव घेतलेल्या टेबलातल्या ओळींचा असतो. कॅस्केडमुळे दुसरीकडे गेलेल्या ओळी त्यात धरलेल्या नसतात, मायएसक्यूएलमध्येही नसतात. ‘एकच ओळ गेली’ असं वाचून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. मागे चाइल्ड टेबलातून, म्हणजे बोट दाखवणाऱ्या टेबलातून, हजारो गेलेल्या असतात.

५ नंबरच्या सभासदावरही हाच प्रयोग करा. तो निरुपयोगी वाटतो, पण हाताने जॉइन लावून केलेल्या डिलीटमध्ये तोच अडकतो. ते पुढे येईल.

एक सूचना: रोलबॅकने ओळी परत येतात, पण सिक्वेन्सने (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीने) दिलेले क्रमांक मागे जात नाहीत. म्हणून चाचणीत ‘नव्या ओळीचा क्रमांक ६ येईल’ असं गृहीत धरू नका. क्रमांक स्वतः द्या किंवा इन्सर्टला ‘रिटर्निंग’ जोडून विचारून घ्या.

सहावी पायरी: जे अडलं पाहिजे ते अडतं का

आता ३ आणि ४ नंबर. दोघांचाही डिलीट फसला पाहिजे, आणि योग्य कारणाने फसला पाहिजे. ‘एरर आली’ एवढ्यावर चाचणी पास करू नका; टेबलाचं नाव चुकलं तरी एररच येते. कोड तपासा. अनामतीमुळे अडलं तर पोस्टग्रेस २३५०३ देतं, म्हणजे फॉरेन कीचा भंग. चेकमुळे अडलं तर २३५१४. मायएसक्यूएलमध्ये चाइल्ड ओळ असल्यामुळे पेरेंट (जिच्याकडे बोट आहे ती ओळ) डिलीट होत नसेल तर १४५१ येतो. कन्स्ट्रेंटला स्वतः नाव दिलंत तर ते नाव एररमध्ये दिसतं, मग शंकाच उरत नाही.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे बिगिनपासून रोलबॅक किंवा कमिटपर्यंत, एक एरर आली की पुढची प्रत्येक आज्ञा ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ म्हणून नाकारली जाते. नवख्यांना वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं. उपाय सेव्हपॉइंटचा, म्हणजे मध्येच खूण करून तिथपर्यंतच मागे येण्याचा:

बिगिन;
सेव्हपॉइंट आधी;
डिलीट फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक = ४;
रोलबॅक टू सेव्हपॉइंट आधी;
सगळे काउंट;
रोलबॅक;

शेवटचे काउंट महत्त्वाचे आहेत. डिलीट फसला तेव्हा त्यातलं अर्धंमुर्धं काही घडून गेलं नाही ना, हे त्यातून दिसतं. एकाच आज्ञेच्या आत डेटाबेस तसं होऊ देत नाही. पण डिलीटच्या चार-पाच आज्ञा तुमचा प्रोग्राम एकामागून एक पाठवत असेल आणि त्यांना ट्रान्झॅक्शनचं कुंपण नसेल, तर आरक्षणं गेलेली आणि सभासद तसाच, अशी अवस्था सहज येते. ही चाचणीही मुद्दाम लिहा: तिसऱ्या आज्ञेनंतर कोडमध्ये एक्सेप्शन फेका आणि तिन्ही आज्ञा माघारी फिरल्या का ते पाहा.

हे सगळं नीट बांधायचं असेल तर पोस्टग्रेससाठी ‘पीजीटॅप’ नावाचा चाचण्यांचा संच आहे. त्यातलं ‘थ्रोज-ओके’ हे फंक्शन अपेक्षित एरर कोडसकट तपासतं. सुरुवातीला मात्र हाताने करा. काय घडतंय ते डोळ्यांनी दिसतं.

रोलबॅकमध्ये लपणारी चूक

फॉरेन की ‘डिफरेबल इनिशियली डिफर्ड’ असेल, तर तिची तपासणी आज्ञेच्या शेवटी होत नाही, कमिटच्या (बदल कायम करण्याच्या) वेळी होते. आपली चाचणी तर कमिट कधी करतच नाही! म्हणजे जो डिलीट लाइव्हवर कमिटच्या क्षणी फसेल, तो चाचणीत आरामात पास होतो. जँगो हे वेब फ्रेमवर्क पोस्टग्रेसवर ज्या फॉरेन की बनवतं त्या अशाच डिफर्ड असतात, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका दुर्मिळ नाही.

उपाय एका आज्ञेचा आहे. डिलीटनंतर आणि रोलबॅकआधी हे चालवा:

सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट;

थांबवून ठेवलेल्या सगळ्या तपासण्या त्याच जागी होतात आणि चूक असेल तर तिथेच एरर येते. नो अ‍ॅक्शन आणि रिस्ट्रिक्ट यांतला फरकही इथेच आहे: नो अ‍ॅक्शनची तपासणी अशी पुढे ढकलता येते, रिस्ट्रिक्टची येत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत पुढे ढकलणं हा प्रकारच नाही, तिथे दोन्ही सारखेच.

अनाथ ओळी शोधताना

डिलीटनंतर चाइल्ड टेबलात पेरेंट नसलेली ओळ उरली का, हे शोधायचं. फॉरेन की असताना अनाथ ओळ उरणार कशी, असं वाटेल. पण पहिल्या पायरीतली न नोंदवलेली बोटं आठवा. शिवाय डेटा आयात करताना मायएसक्यूएलमध्ये ‘फॉरेन_की_चेक्स’ शून्य करून तपासणी बंद ठेवायची पद्धत आहे, आणि ते पुन्हा १ करून ती चालू केल्यावर मधल्या काळात शिरलेल्या ओळी तो तपासून पाहत नाही.

क्वेरी अशी लिहा:

सिलेक्ट द.क्रमांक फ्रॉम दंड द व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम देवघेव दे व्हेअर दे.क्रमांक = द.देवघेव);

‘नॉट इन’ने लिहिण्याचा मोह होतो. आतल्या यादीत एक जरी नल आला, तर ‘नॉट इन’ एकही ओळ देत नाही. अनाथ ओळी शंभर असल्या तरी उत्तर रिकामं, आणि रिकामं उत्तर म्हणजे सगळं ठीक असं आपण समजतो. सेट नल वापरणाऱ्या टेबलांत नल येणारच, त्यामुळे इथे ‘नॉट एक्झिस्ट्स’च. ज्या कॉलमात नल चालतो तिथे ‘इज नॉट नल’ची अट जोडा, नाहीतर मुद्दाम रिकामी केलेली ओळही अनाथ ठरेल.

कॅस्केड नसेल आणि हाताने काढायचं असेल तर

क्रम खालून वर: आधी नातवंडं, मग मुलं, मग पेरेंट. देवघेवीची चुकून पडलेली नोंद काढायची असेल तर आधी तिचा दंड, मग ती.

मायएसक्यूएलमध्ये एकाच आज्ञेत जॉइन लावून अनेक टेबलांतून डिलीट करता येतं. त्यात दोन अडचणी आहेत. इनर जॉइन लावलात तर ज्याला आरक्षणच नाही असा सभासद जॉइनमध्ये येत नाही, म्हणून तो डिलीटही होत नाही. आपला ५ नंबर! त्यासाठी लेफ्ट जॉइन हवा. दुसरं, फॉरेन की असलेल्या इनोडीबी टेबलांवर कुठलं टेबल आधी हाताळायचं हे ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) ठरवतो. त्याने पेरेंट आधी घेतला तर आज्ञा फसते. आज चाललेली क्वेरी उद्या डेटा वाढल्यावर फसू शकते. मला विचाराल तर वेगवेगळ्या डिलीट आज्ञा एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवाव्यात. वाचायला सोप्या, चाचणीला सोप्या.

आणि अख्खं टेबल रिकामं करणाऱ्या ‘ट्रंकेट’ला डिलीटचा वेगवान भाऊ समजू नका. पोस्टग्रेसमध्ये ‘ट्रंकेट सभासद कॅस्केड’ म्हटलंत तर सभासदाकडे बोट दाखवणारी सगळी टेबलं पूर्ण रिकामी होतात, तिथे सेट नल लिहिलंय की नो अ‍ॅक्शन हे ते पाहतही नाही. आपल्या वाचनालयात पावत्या, पुस्तके, देवघेव, आणि देवघेवीमागून दंड, सगळं साफ. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट आपोआप कमिट करतो, रोलबॅकचा उपयोग नाही.

कॅस्केड नक्की कोण करतंय?

जँगोत मॉडेलवर नेहमीचा ‘कॅस्केड’ लिहिला, तर चाइल्ड ओळी शोधून काढून टाकण्याचं काम जँगो स्वतः करतो. डेटाबेसातल्या फॉरेन कीवर कॅस्केड लिहिलेला नसतो. अ‍ॅप्लिकेशनमधून डिलीट चालतो आणि पीएसक्यूएलमधून तोच डिलीट अडतो. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘डिलीट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिली मॉडेलवर लिहिलेली नाती आणि कॉलबॅक पाळते, दुसरी पाळत नाही. म्हणून पाचव्या पायरीची चाचणी दोन दारांतून घ्या, एकदा अ‍ॅप्लिकेशनमधून आणि एकदा थेट आज्ञेने. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर कुठलं दार उघडं ठेवायचं हे टीमने ठरवावं.

ट्रिगरबद्दलही एक. ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड. कोण काय डिलीट करतंय याची नोंद ट्रिगरने ठेवत असाल, तर मायएसक्यूएल ८ मध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने गेलेल्या ओळींसाठी चाइल्ड टेबलावरचा ट्रिगर चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये चालतो. नोंदवहीतल्या ओळीही मोजा.

वेळ किती लागतो

पाच सभासदांवर सगळं झटपट होतं. देवघेवीच्या ओळी खूप वाढल्या की एक सभासद काढायलाही बराच वेळ लागू शकतो. कारण बहुधा एकच असतं: पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमावर आपोआप इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बनवत नाही. इनोडीबी बनवतं. इंडेक्स नसेल तर प्रत्येक सभासदामागे अख्खं देवघेव टेबल चाळलं जातं. खोट्या ओळी भरून ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ने डिलीट चालवा, खाली प्रत्येक कन्स्ट्रेंटच्या ट्रिगरला किती वेळ लागला ते वेगवेगळं दिसतं. ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ डिलीट खरोखर करतं, म्हणून तेही बिगिन आणि रोलबॅकच्या आतच.

शेवटची चाचणी: सातवं बोट

आज सगळं हिरवं आहे. सहा महिन्यांनी कुणीतरी ‘बालविभाग_नोंदणी’ नावाचं टेबल आणेल, त्यात सभासदाकडे फॉरेन की असेल, आणि सवयीने तिच्यावर कॅस्केड असेल. आपल्या चाचण्यांना त्या टेबलाचा पत्ताच नसेल, म्हणून त्या पासच होत राहतील.

यासाठी एक छोटी चाचणी लिहून ठेवा. ‘पीजी-कन्स्ट्रेंट’मधून सभासदाकडे येणाऱ्या फॉरेन की आणि त्यांची अक्षरं काढा, आणि ती अपेक्षित यादीशी ताडून पाहा: आरक्षण ‘सी’, देवघेव ‘एन’, पावत्या ‘एन’, शिफारस ‘एन’, ओळख ‘एन’, अनामत ‘ए’. यादीत सातवं नाव आलं किंवा एखादं अक्षर बदललं की चाचणी लाल झाली पाहिजे. मग ज्याने टेबल आणलं त्याने कार्यवाहांकडे जावं, ‘सभासद गेला तर याचं काय करायचं?’ हे विचारावं, उत्तराचं वाक्य यादीत लिहावं, आणि १ व २ नंबरच्या सभासदांना त्या टेबलातही एकेक ओळ द्यावी.